झूराकाननं न घेतलेलं नाव

झूराकान माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या अंगणांच्या मध्ये मातीची एक बुटकी भिंत आहे. त्या भिंतीवरून गेली कित्येक वर्षं आमचं मीठ, बातम्या आणि भांडणं ये-जा करतात. तिच्याबद्दल चार शब्द सांगू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती वाळवणासाठी कुरुतचे, म्हणजे आटवलेल्या दह्याचे, गोळे वळत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा की, कालिपा एजे. नावासकट सांगा. आता लपवायचं राहिलंय काय?"

म्हणून नावासकट सांगते. कालिपा मी, आणि एजे म्हणजे ताई, वयानं मोठ्या बाईला आमच्यात असंच म्हणतात.

ती सून म्हणून आमच्या गावात आली तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती. दंडात बळ, गालावर लाली, आणि तोंडात शब्द नाही. घर बात्मा आपाचं. आपा म्हणजे आई, पण बात्माला सगळं गाव आपाच म्हणतं, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही. सासरे अब्दिमोमुन शांत गृहस्थ होते, लवकर गेले. नवरा थोरला. आणि सगळ्यांत धाकटा एक दीर, पाच वर्षांचा, कायम आईच्या झग्याला धरून उभा, नाक वाहतंय, डोळे मात्र चांदीसारखे.

आमच्याकडे, किर्गिझांत, सून सासरच्या माणसांची नावं घेत नाही. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, दिराचं नाही, मग तो दीर शेंबडा का असेना. ती आपल्या मनानं एकेकाला एक नाव ठेवते आणि मरेपर्यंत त्याच नावानं हाक मारते. मी माझ्या एका दिराचं नाव मुल्ला ठेवलं होतं. तो पुढं अट्टल दारुडा निघाला, तरी माझ्या तोंडी मुल्लाच राहिला. झूराकाननं या धाकट्याचं नाव ठेवलं एर्के. लाडोबा. ते इतकं चपखल बसलं की महिन्याभरात त्याची आई, मग गल्ली, पुढं शाळेतले मास्तर, सगळे एर्केच म्हणायला लागले. त्याचं खरं नाव केंजेबेक. मी ते घेऊ शकते, मी त्या घरची सून नाही. पण मलासुद्धा ते आठवावं लागतं. मी गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होते, तिथल्या कागदांवर एर्के लिहून मी किती वेळा खोडलंय.

झूराकानचा नवरा रशियात गेला, टॅक्सी चालवायला लागला आणि हळूहळू तिथलाच झाला. तिकडं त्याचं दुसरं घर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि झूराकानसमोर कुणी बोलत नाही. पैसे पाठवतो, ईदला फोन करतो. बात्मा आपा म्हणते, माणूस वाईट नाही. मी म्हणते, नालायक आहे. दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, लग्न करून गेल्या. मागे घरात सासू, सून आणि एर्के. त्याला अक्षरं हिनं शिकवली, गोवरात उशाशी ही बसली, पहिल्यांदा दारू पिऊन आला तेव्हा बादली हिनंच धरली आणि आपाला सांगितलं की पोराला मासे बाधले. आमच्या गावात तेव्हा मासा कुणी महिनोन् महिने बघितला नव्हता. आपानं ते ऐकून घेतलं.

एर्केही शेवटी रशियात गेला. न जाऊन करणार काय? इथं बटाटे आणि मेंढ्या, आणि तेसुद्धा दुसऱ्यांचे. बांधकामावर होता. रोज वहिनीला फोन यायचा, ती भिंतीपाशी उभी राहून बोलायची, कारण नेट तिथंच येतं. एका शरद ऋतूत फोन थांबला. सगळा हिवाळा थांबला. झूराकान त्या हिवाळ्यात फोन हातात घेऊन गाय दोहायची. आपाला सांगायची, काल बोलले, मजेत आहे. आणि मग बर्फ वितळायच्या सुमाराला तो स्वतःच दारात उभा राहिला. एक पाय ओढत होता आणि दाढी वाढलेली होती. म्हणाला, परांचीवरून पडलो.

मी तीस वर्षं जखमा बांधल्या आहेत. परांचीवरून पडलेल्या माणसाच्या मांडीतून पत्र्याचे तुकडे निघत नाहीत. मी चिमट्यानं काढले, वाटीत टाकले, वाटी संडासात रिकामी केली आणि कागदावर लिहिलं, पडून झालेली इजा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी पट्टीकडे बघितलं.

खरं काय ते त्यानं एका माणसाला सांगितलं, वहिनीला, गोठ्यात. कामगारांच्या वसतिगृहातून रात्रीत उचललं होतं. कागदपत्रं काढून घेतली आणि पुढ्यात दोन गोष्टी ठेवल्या, तुरुंग नाहीतर सैन्याचा करार. त्यानं सही केली. बंदूक कशी धरायची हे शिकवायलाही त्यांना फार वेळ नव्हता. पाय फाटला, इस्पितळात पोचला आणि तिथून पळाला. आता आमच्या देशाचा कायदा असा, की परक्या देशाच्या लढाईत जो गेला तो गुन्हेगार. धरून नेलं की आपण होऊन गेला, हे विचारायला कायद्याला सवड नसते. म्हणून परांची.

गावानं काय ओळखायचं ते ओळखलंच. गावाला कान असतात. पण गावाला माहीत असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. कुणी काही बोललं नाही. लग्नात त्याला भिंतीला टेकून बसायची जागा द्यायचे, मेंढरं हाकायला बोलवायचे नाहीत, एवढंच.

मग आयजार्किन आली.

ही मुलगी मला आवडायची हे आधीच सांगते, म्हणजे पुढं जे बोलेन ते आकसानं बोलते असं वाटायला नको. बिश्केकची, शिकलेली, किर्गिझ बोलताना अडखळायची आणि रशियन बोलताना धबधबा. परदेशी कामाला गेलेल्या माणसांचे हक्क, असा तिच्या संस्थेचा विषय होता. तिचं म्हणणं असं, की आजवर सगळे येतात, तुमच्याकडून गोष्टी काढून घेतात, चहा पितात आणि जातात. आम्ही तसं करणार नाही. तुमच्या गोष्टी तुमच्याच बायका गोळा करतील, काय छापायचं ते तुम्ही ठरवाल, आणि छापल्यावर आधी तुमच्याच गावात वाचून दाखवू. ऐकायला बरं वाटलं. शाळेच्या खोलीत तिनं बायकांना जमवलं, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. कुणाला विचारल्याशिवाय आवाज टेप करायचा नाही, रडू आलं तर थांबायचं, खरं नाव लिहायचं नाही, असं बरंच शिकवलं. मी एक दिवस गेले. चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून बोटं चिकट झाली म्हणून पुन्हा गेले नाही.

झूराकान मात्र त्या कामात रमली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला म्हटलं होतं, की तुम्ही छान ऐकता. घरोघर जायची, बायकांच्या गोष्टी टेप करायची, परत येऊन भिंतीपाशी उभी राहायची. मी विचारलं, काय म्हणाली गं ती टेकडीवरची? तर म्हणे, "सांगता यायचं नाही, एजे. वचन दिलंय." मला राग आला. इतकी वर्षं माझ्याकडून मीठ नेते आणि मला सांगता यायचं नाही म्हणते.

सगळ्यांचं झाल्यावर आयजार्किन तिला म्हणाली, "आता तुमची?"

ते कसं घडलं हे झूराकाननं मला नंतर इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं होते असंच वाटतं. टेप सुरू करण्याआधी त्या मुलीनं कागद वाचून दाखवला. तुम्हाला नको असेल ते सांगू नका. कधीही थांबा. छापल्यावरसुद्धा, कधीही, तुमची गोष्ट मागे घेता येईल. मग विचारलं, "दिराला काय म्हणू या? खरं नाव नको. आणि नाव मी ठरवणार नाही, तुम्ही ठरवा. गोष्ट तुमची आहे."

झूराकान म्हणाली, "खरं नाव मी घेतच नाही."

"उत्तम. मग काय म्हणू या?"

"मी एर्के म्हणते."

"एर्के," आयजार्किन म्हणाली. "गोड आहे." आणि लिहून घेतलं.

शहरात वाढलेली मुलगी. तिच्या आईनं सासऱ्याला नावानंच हाक मारलेली, तेही रशियन धर्तीवर, बापाच्या नावासकट. तिचं काम शाळेच्या खोलीत, बायकांमध्ये, त्यामुळं गाव त्याला काय म्हणतं हे तिच्या कानावर आलंच नव्हतं. तिला वाटलं, बाईनं तिथल्या तिथं एक नाव सुचवलं. आणि झूराकानला वाटलं, नाव तर घेतलंच नाही. तिच्या लेखी नाव म्हणजे जे तोंडातून काढायचं नाही ते. एर्के ही हाक होती. दोघींचंही चुकलं असं म्हणायला जावं तर दोघींनीही नियम पाळला होता.

छापण्याआधी ती मुलगी पुन्हा आली आणि सगळं वाचून दाखवलं. गावाचं नाव बदललं होतं, नदीचं बदललं होतं, गोठ्यातल्या गायीचा रंगसुद्धा बदलला होता. विचारलं, "यात असं काही आहे का, ज्यावरून तो ओळखू येईल?" झूराकान डोळे पुसत होती. म्हणाली, "नाही. नाव कुठं आलंय?"

एर्केला मात्र कुणी विचारलं नाही. इथं मला अजून संताप येतो. त्या कागदावर सांगणाऱ्याच्या सहीला जागा होती. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याच्यासाठी रेघही नव्हती. मी झूराकानला हे एकदा तोंडावर बोलले. ती म्हणाली, "तो हिवाळा त्याचा एकट्याचा नव्हता, एजे. फोन माझ्या हातात होता. कुणाला तरी सांगितलं नसतं तर मी फुटले असते."

वाचनाचा कार्यक्रम गावच्या क्लबात झाला. बायकांनी कणकेचे पोतंभर बोरसोक तळले, चहाचा समोवार लावला. जिल्ह्याहून दोन पाहुणे आले होते, त्यांना पुस्तिका आणि टोप्या दिल्या. आयजार्किननं ठरवलं होतं की कुणीही आपली गोष्ट स्वतः वाचायची नाही, म्हणजे कुणाची कुठली ते कळणार नाही. किती विचार केला होता पोरीनं. पहिल्या दोन गोष्टी झाल्या, लोकांनी डोळे टिपले. तिसरी तिनं स्वतः उचलली, आणि आपल्या अडखळत्या किर्गिझमध्ये वाचलं, "माझा दीर एर्के पाच वर्षांचा होता तेव्हा मी त्या घरात सून म्हणून आले."

क्लबात चहाच्या पेल्यांचा जो आवाज चालू होता तो बंद झाला. माझ्या शेजारची बाई प्रेमानं म्हणाली, "अगं, ही आपल्या एर्केची." पुढच्या रांगेत बात्मा आपा बसली होती, पांढरं फडकं बांधून, मांडीवर बोरसोक घेऊन. तिच्या तोंडावर हसू आलं. आपल्या लेकाचं नाव पुस्तकात आलं म्हणून ती आजूबाजूला बघायला लागली. आणि ती मुलगी वाचतच राहिली. तिला वाटलं, लोक गोष्टीत रंगलेत. वसतिगृह आलं. करार आला. बंदूक आली.

"लढाई?" आपानं विचारलं. मोठ्यानं, शाळेत विचारतात तसं. "कसली लढाई? तो परांचीवरून पडला."

आयजार्किन थांबली. तिनं झूराकानकडे बघितलं, झूराकान जमिनीकडे. एर्के मागच्या बाजूला किटली घेऊन चहा ओतत होता. त्यानं हातातला पेला पूर्ण भरला, ज्याचा होता त्याला दिला, किटली खाली ठेवली आणि आईपाशी येऊन बसला. म्हणाला, "आपा, घरी जाऊ या. घरी सांगतो."

त्यानंतर आयजार्किननं जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. दारात उभं राहून तिनं एकेकाच्या हातातून पुस्तिका परत घेतल्या. फोनवर फोन केले, संस्थेच्या पानावरून ती गोष्ट उतरवली, छापलेल्या प्रती गाडीत भरल्या. पण जिल्ह्याचे पाहुणे पुस्तिका काखोटीला मारून कधीच गेले होते. क्लबात ज्यांनी ज्यांनी फोन वर धरले होते त्यांच्या फोनमधून ते वाचन ओश शहरापर्यंत पोचलं होतं. अधिकाऱ्यांनी आमचं ऐकावं म्हणून हे पुस्तक काढलं होतं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच कुणा अधिकाऱ्यानं आमच्या गावाबद्दलचं काही शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

ती मुलगी त्याच दिवशी झूराकानच्या घरी आली. झूराकाननं तिच्यापुढं भाकर ठेवली, चहा ठेवला. पाहुणीला उपाशी कसं ठेवायचं? मग म्हणाली, "तू वाचून दाखवलं होतंस. मला कधीही मागे घेता येईल. मी मागे घेते."

आयजार्किन भाकरीकडे बघत राहिली.

"छापल्यावरसुद्धा, म्हणाली होतीस."

"हो, एजे."

"मग घेते मी मागे. कुठं सही करू?"

मी भिंतीपलीकडून ऐकत होते, आणि मला त्या क्षणी दोघींचीही दया आली. त्या मुलीकडे सहीचा कागद होता. तिनं तो काढला. झूराकाननं सही केली, नीट, पूर्ण नावानं, आणि कागद तिच्याकडे परत सरकवला, जणू आता सगळं मिटलं.

एर्केनं पळून जावं असं मला वाटत होतं. मी त्याला तसं म्हटलंसुद्धा. तो हसला. "कुठं जाऊ, एजे? तिकडं मी पळपुटा, इकडं गुन्हेगार. आणि या पायानं किती लांब?" वहिनीवर तो एकदाही चिडला नाही, आणि त्यामुळं ती जास्त खचली. एकदा तर म्हणाला, "तू फार नीट सांगितलंस गं. मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं." त्या दिवशी ती गोठ्यात गेली आणि गाय दोहायचं विसरून बसून राहिली.

मग झूराकानला जिल्ह्याच्या कचेरीत बोलावणं आलं. तिचा रक्तदाब वाढलेला असतो म्हणून मी यंत्र घेऊन सोबत गेले. चौकशी करणारा अधिकारी तरुण होता, शेजारच्या खोऱ्यातला, त्याच्या मावशीला मी ओळखते. उठून उभा राहिला, खुर्च्या दिल्या, चहा मागवला. असल्या माणसाला शिव्याही देता येत नाहीत.

आयजार्किनच्या वकिलानं झूराकानला शिकवून ठेवलं होतं. एवढंच म्हणायचं, की एर्के कुणी एक माणूस नाही, ऐकलेल्या पाच-सहा गोष्टींतून रचलेला आहे. तिनं तसं म्हटलं, न अडखळता. तो मान हलवत होता.

"बरं. म्हणजे तुमच्या गावातला कुणी नाही."

"नाही."

"मग एवढंच लिहून घेऊ आणि संपवू." त्यानं पेन काढलं. मला वाटतं, त्यालाही ते संपवायचंच होतं. "पण वरचे विचारतील, म्हणून एकेकाचं वेगळं लिहावं लागेल. तुमच्या गावचे जे रशियातून परत आलेत, ते मला माहीत आहेत. मी नाव सांगतो, तुम्ही म्हणा, एर्के म्हणजे तो नव्हे. सालामत?"

"एर्के म्हणजे सालामत नव्हे," झूराकान म्हणाली.

"तायिर?"

"एर्के म्हणजे तायिर नव्हे."

"मेदेर?"

"मेदेर नव्हे."

"अब्दिमोमुनचा केंजेबेक?"

मी तिच्या शेजारी बसले होते. तिचे ओठ हलले. शपथ घेऊन सांगते, तिनं प्रयत्न केला. एवढंसं नाव. बाजारातला कुणीही ते घेईल, मीसुद्धा मघाशी घेतलं. आणि त्याच्या पुढं सासऱ्याचं नाव, तेही तिनं जन्मात घेतलेलं नाही. मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "आमच्या घरचा धाकटा... तो नव्हे."

"नाव, एजे," अधिकारी हळूच म्हणाला.

"तोच. आमचा धाकटा. तो एर्के नव्हे."

त्या अधिकारी पोराच्याही घरी आई आहे, आणि त्याच्या आईनंही आयुष्यभर हेच केलंय. त्यानं पेन कागदावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, आमच्यात सून नाव घेत नाही, यावरून काही ठरत नाही, ती कुणाही दिराचं नाव घेणार नाही. तो म्हणाला, "माहीत आहे, कालिपा एजे. पण मी एर्के कोण हे आता विचारणारच नव्हतो. कागदावर लिहायला मला तिच्या तोंडून नावासकट 'नाही' हवं होतं फक्त." मग चहा घ्या म्हणाला. झूराकाननं पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

मिनीबसनं परत आलो. उतरल्यावर फाटकापाशी एर्के पाण्याच्या बादल्या घेऊन उभा होता. ती त्याला म्हणाली, "तुझं नाव घ्यायला सांगितलं. मला जमलं नाही."

"मला माहीत होतं जमणार नाही," तो म्हणाला. "मी विचार करत होतो, माझ्याऐवजी मुल्लाचं नाव विचारलं असतं तर कालिपा एजेंना तरी जमलं असतं का." आणि हसला. त्याला अशा वेळीही चेष्टा सुचते. मला रडू आलं आणि मी घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची गाडी आली. त्यानं दाढी केली होती. बात्मा आपानं त्याच्या हातात भाकर दिली, एक घास तोडायला लावला आणि उरलेली खुंटीला टांगली, लांबच्या वाटेला निघालेल्या पोरानं परत येऊन संपवावी म्हणून आम्ही टांगतो तशी. झूराकान गाडीपर्यंत गेली नाही. ती चुलीपाशी उभी होती, हातात पळी, आणि पातेल्यात काही नव्हतं.

आयजार्किन खटला चालू असताना दर वेळी यायची. वकिलाचे पैसे तिनंच कुठून कुठून उभे केले. ती वाळली होती, नखं कुरतडून बोटं लाल झाली होती. एकदा तिनं भीत भीत विचारलं, "एजे, आमचं काय चुकलं हे आम्हाला लिहायचंय. दुसरीकडं कुणी असं करू नये म्हणून. तुमची परवानगी असली तरच."

झूराकान म्हणाली, "लिही. पण त्यात मला काय म्हणशील?"

"जे तुम्ही सांगाल ते."

"नको बाई," झूराकान म्हणाली. "मला आता नावं ठेवायला सांगू नकोस."

शिक्षा झाली. फार जास्त नाही असं वकील म्हणाला. वकिलांना वर्षं मोजायची वेगळी पद्धत असते. तुरुंग तीन खोऱ्यांपलीकडं आहे, भेटीच्या दिवशी पहाटे निघावं लागतं. पहिल्या भेटीला मी गेले होते, कारण बात्मा आपाला आता चढ-उतार झेपत नाही आणि एकट्या झूराकाननं तिला सांभाळणं शक्य नव्हतं. बाहेर भिंतीत एक छोटी खिडकी आहे, जाळी लावलेली. आपला नंबर आला की तिथं तोंड लावून सांगायचं, कुणाला भेटायचंय. मागं बायकांची रांग. थंडी इतकी की सगळ्या पाय आपटत होत्या.

आधी आपानं सांगितलं. पण आपाच्या तोंडात दात नाहीत आणि आतला पहारेकरी रशियनच बोलणारा. त्यानं दोनदा विचारलं आणि मग हातानं, बाजूला व्हा, अशी खूण केली. मी पुढं होत होते. खिडकीतून म्हणाला, घरचं माणूस पाहिजे, शेजारी नको.

झूराकान खिडकीपाशी गेली. तिनं आधी सासूकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिनं त्या घरात नवऱ्याचं सोडा, सासऱ्याच्या नावासारखं नाव असलेल्या शेजाऱ्याचंही नाव घेतलं नव्हतं. आपानं हातमोजा काढून तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती जाळीत तोंड घालून काहीतरी पुटपुटली.

"काय?" आतून आवाज आला. "पूर्ण नाव. बापाच्या नावासकट."

"मोठ्यानं घे, सुनबाई," बात्मा आपा म्हणाली. "तो आत आहे."